झाडाचा कान, नग एक

ती फिर्याद आजही आठवते, कारण माझ्या सगळ्या नोकरीत झाडाच्या खुनाची फिर्याद तेवढी एकच आली. बांधावरून फुटलेली डोकी बघितली, चोरीला गेलेले बैल शोधले, दरोडेही उघडकीला आणले. पण प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून एक धडधाकट माणूस ठाण्याच्या पायऱ्या चढतो आणि "सायेब, आमची चिंच इष घालून मारली," असं म्हणून टेबलावर दुसरी मूठ आपटतो, हे एकदाच बघितलं.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. गाव निमगाव केतकीच्या पुढे, कळसच्या अंगाला. नाव सांगत नाही, कारण त्या घरातली माणसं आजही तिथेच नांदतात आणि मला भेटली की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

गावाच्या वळणावर फिर्यादीच्या बांधाला लागून एक चिंच होती. चार माणसांनी हात धरले तरी कवेत मावायची नाही. दसऱ्याच्या आधी आठवडाभर, भर दुपारी, पान हलेल एवढाही वारा नसताना ती बुडातून उन्मळून आडवी झाली. खाली फिर्यादीचा नवा ट्रॅक्टर उभा होता, तो पत्र्याच्या डब्यासारखा चेपला. फिर्यादी ट्रॅक्टरवरून उतरून पाच पावलं गेला होता. फांदीचा शेंडा हातावर बसला आणि हाड मोडलं. पाच पावलं मागे असता तर फिर्याद द्यायला दुसरं कुणी आलं असतं.

"वारं न्हाय, वावटळ न्हाय, झाड हिरवंगार. मग पडलं कसं? बुंध्याला तीन भोकं हायती बघा, गिरमिटानं पाडलेली. अन् एका भोकात हिंग!" फिर्यादी सांगत होता.

हिंग म्हटल्यावर माझे हवालदार खुर्चीवर सरळ बसले. आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की, झाड गुपचूप मारायचं असेल तर बुंध्यात भोक पाडून हिंग भरतात. यात खरं किती आणि खोटं किती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण गाव मानतं म्हटल्यावर करणाराही तेच मानून करणार, असा पोलिसी हिशेब मी केला.

संशयित कोण, हेही फिर्यादीनं तयारच आणलं होतं. त्याच गावचा साठीतला एक गृहस्थ. सगळे त्याला तात्या म्हणत. बांधकाम खात्याच्या रस्त्याकडेच्या झाडांच्या गँगवर मुकादम होता, तिथून निवृत्त झालेला. बौद्ध कुटुंब, छप्पनला दीक्षा घेतलेलं, वडिलांनी हट्टानं शिकवलेला, मुलगी शिक्षिका. निवृत्तीनंतर हा माणूस लोकांच्या झाडांची कामं करायचा. वाळक्या फांद्या दोर लावून अलगद उतरवायचा, कापलेल्या जागी लेप द्यायचा. गाव थट्टेनं त्याला झाडाचा डॉक्टर म्हणायचं. या डॉक्टरनं तीन आठवड्यांपूर्वी चहाच्या टपरीवर, पन्नास माणसांसमोर सांगितलं होतं, "ही चिंच दिवाळी बघणार न्हाय. तिच्याखाली गाड्या लावू नका." झाडाचं वजन हलकं करू द्या म्हणून तो फिर्यादीकडे परवानगी मागायलाही गेला होता. फिर्यादीनं "आमच्या आज्यानं लावलेलं झाड हाय, तू कोण हात लावणार?" असं म्हणून त्याला हाकललं होतं.

म्हणजे धमकी झाली, रागाचं कारण झालं, भोकं झाली आणि हिंगही झाला. तपास इतका सोपा असेल तर पोलिसानं आधी स्वतःवर संशय घ्यावा, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी तरुण होतो आणि त्या दिवशी निमगावच्या बाजाराचा बंदोबस्त डोक्यावर होता. घाईघाईनं जागेचा पंचनामा उरकला. पंच म्हणून गावचा किराणा दुकानदार आणि एक शेतकरी असे दोघं घेतले. भोकातून हवालदारांनी काडीनं एक चिंधीची पुरचुंडी ओढून काढली. वास तर हातभर लांबूनच आला. कागदात बांधली, लाखेचं सील मारलं, सह्या घेतल्या आणि जीप बाजाराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमचा एक बातमीदार होता, पानाच्या ठेल्यावरचा. त्यानं हवालदारांच्या कानात सांगितलं की, तात्याच्या घरात निळ्या विषाचा डबा आहे. झडती घेतली. गिरमीट मिळालं, करवत, दोर मिळाले आणि खरंच निळ्या खड्यांनी अर्धा भरलेला डबाही मिळाला. तात्याला ठाण्यात आणलं.

त्याची मूर्ती अजून डोळ्यांपुढे आहे. काटकुळा माणूस, पांढरी टोपी, हाताला दोराचे घट्टे. मी रूळ टेबलावर आपटून विचारलं, "झाड पडणार हे तुला कसं कळलं?"

"दिसत हुतं, साहेब."

"काय दिसत होतं?"

"कान आला हुता. बुडाला."

हवालदार फिसकन हसले. "झाडाला कान? मग नाक कुठं हाय?"

तात्या हसला नाही. "अळंब्याच्या जातीचा असतो. बुडातनं निघतो, कानावाणी. वरनं लाखंवाणी चकाकतो, खालनं पांढरा. ह्यो कान बुडाला आला की मुळं आतनं कुजली म्हणून समजायचं. वरची पानं हिरवीच ऱ्हात्यात. म्हणून कुणाला पटत न्हाय."

"आणि हे निळं विष?"

"मोरचूद हाय. चुन्यात कालवून कापल्या फांदीला लावतो, जखमंला पट्टी लावल्यागत. द्राक्षं-डाळिंबवाल्या समद्यांच्या घरात सापडंल. त्यांनाबी आणा मग."

हवालदारांच्या सख्ख्या भावाची डाळिंबाची बाग होती. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"भोकं कुणी पाडली?"

"मी."

"कशाला?"

"आत काय उरलंय ते बघाया. भुसा कोरडा अन् पिवळा आला तर झाड बरं. हिचा काळपट अन् वला आला."

"मालकानं हाकलल्यावर पुन्हा गेलास? भोकं पाडताना जवळ कोण होतं?"

इथे हा बोलका माणूस एकदम गप्प झाला. मान खाली घालून टोपी नीट करायला लागला. तीन वेळा विचारलं, आवाज चढवून विचारलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

"हिंग कुणी भरला?"

"मी न्हाय."

"मग कुणी?"

"ठावं न्हाय."

पोलिसांत राहून एक गोष्ट कळते. बोलणारा माणूस मधेच गप्प होतो तो दोन कारणांनी. एकतर स्वतःला वाचवायला, नाहीतर दुसऱ्या कुणाला. पहिल्या जातीचा माणूस गप्प असताना दाराकडे बघतो. हा जमिनीकडे बघत होता. पण तेव्हा मी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

फिर्यादी आडदांड होता, चार ठिकाणी वजन असलेला. वरून फोन आला. निष्काळजीपणाचं कलम ३३८ काय लावता, विष घालून माणसाच्या अंगावर झाड पाडलंय, ३०८ लावा, असा आग्रह. ३०८ म्हणजे सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न. जामीन सहज नाही. आणि सरकारी नोकरीतून स्वच्छ निवृत्त झालेल्या माणसाच्या कपाळावर म्हातारपणी तो शिक्का बसला की गावात त्याला कुणी झाडाजवळच काय, दाराजवळही उभं करणार नव्हतं. मी दोन दिवस मागून घेतले. तात्याला अटक न दाखवता रोज सकाळी हजेरीला यायला सांगितलं. एवढं एक शहाणपण त्या दिवशी माझ्या हातून झालं, त्याचं बरं वाटतं.

दुसऱ्या सकाळी तात्या बाकावर येऊन बसला आणि तेवढ्यात गावच्या पाटलाचा निरोप आला. शाळेच्या आवारातल्या चिंचेलाही कान आलेत म्हणे, गाव कुऱ्हाडी घेऊन जमलंय, लवकर या. तात्या ताडकन उठला. "साहेब, मला तितं न्या. मागनं बेड्या घाला वाटल्यास, पण आधी न्या."

जीपमध्ये घातला आणि गेलो. शाळेत ही गर्दी. पोरं पटांगणाच्या कडेला दाटीवाटीनं उभी, गुरुजी घामाघूम आणि दोघं गडी झाडाखाली पदर खोचल्यासारखे धोतर खोचून तयार. तात्याला बघून लोक कुजबुजले. एकजण मोठ्यानं म्हणाला, "आलं बघा, झाडं खाणारं!"

तात्यानं तिकडे लक्षच दिलं नाही. आधी झाडाभोवती एक फेरी मारली. बुडाजवळचा पालापाचोळा हातानं बाजूला केला आणि मुळांच्या बेचक्यात बोटं घालून चाचपलं. मग एका गड्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली. मी पुढे सरकलो, पण त्यानं कुऱ्हाड उलटी धरून पाठीनं बुंधा ठोकायला सुरुवात केली. खाली, वर, चारी बाजूंनी. टण, टण, टण. मान कलती करून ऐकत होता. डॉक्टर पाठीला नळी लावून ऐकतो तसा.

"कुठं हाय कान?"

पोरांनी वर बोट दाखवलं. एका वाळक्या फांदीवर पांढऱ्या, चिमुकल्या पंख्यांसारख्या अळंब्यांची रांग होती.

"ही व्हय!" तात्याला पहिल्यांदा हसू आलं. "अहो, ही मेलेलं खाती. फांदी आधीच वाळलेली हाय, तिच्यावर बसलीया. जित्या झाडाला हिचा तरास न्हाय. बुडाला आला तर भ्यायचं. फांदी काढा, झाड तुमच्या नातवंडांस्नी चिंचा दील."

"अन् पडलं म्हंजी?" पाटलांनी विचारलं.

"पडलं तर मला धरा. तसाबी धरलाच हाय की."

लोक हसले, पोरंसुद्धा हसली. तात्यानं दोर मागवला आणि साठी उलटलेला तो माणूस वानरासारखा वर चढून गेला. फांदी बांधून, खालून आधी थोडी करवत मारून मग वरून कापली, म्हणजे साल सोलपटत खाली जायला नको. फांदी दोरावर झुलत खाली आली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मी जीपला टेकून बघत होतो आणि डोक्यात एक गोष्ट घुसली ती निघेना. झाडांवर डूख धरून असलेला माणूस कुऱ्हाडी थांबवेल कशाला? उलट स्वतःचं खरं करायला त्यानं "तोडा" म्हटलं असतं आणि गावानं ऐकलं असतं. स्वतःची मान सुळावर असताना हा माणूस झाडाला जामीन राहिला होता.

तिथून थेट पडलेल्या चिंचेकडे गेलो. पंचांना बोलावलं. या खेपेला मी मांडी घालून मातीत बसलो आणि म्हणालो, "तात्या, मला काही कळत नाही असं समजा आणि दाखवा." 'तू'चं 'तुम्ही' कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही.

त्यांनी उखडलेली मुळं दाखवली. मनगटाएवढी मुळं हाताच्या चिमटीनं तुटत होती, ओल्या टोस्टासारखी. बुडाशी, माती आणि गवताआड तो कान होता. परातीच्या अर्ध्याएवढा, तांबूस, चकचकीत. त्याच्याखालच्या पानांवर तपकिरीसारखी भुकटी साचलेली. "ही त्याची बी," तात्या म्हणाले. मग करवतीनं कान मधोमध कापून माझ्या हातात दिला. आत एकावर एक थर होते, पापुद्र्यांसारखे.

"दर पावसाळ्याला ह्यो खालनं नवा थर धरतो. मोजा."

मी मोजले, हवालदारांनी मोजले, पंचांनीही मोजले. कुणाचे चार भरले, कुणाचे पाच. भोकं तर तीन आठवड्यांपूर्वीची! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत झाली होती.

हवालदारांनी पंचनामा लिहायला घेतला आणि अडले. "सायेब, वस्तूचं नाव काय लिहू?" मी म्हणालो, लिहा जे आहे ते. त्यांनी गोलगोल अक्षरात लिहिलं, 'झाडाचा कान, नग एक, दोन तुकडे.' एक तुकडा बारामतीच्या एका वनस्पतिरोग तज्ज्ञाकडे पाठवायचा ठरवला, दुसरा मुद्देमालात ठेवला.

राहता राहिला हिंग. तो भरणारा तर कुणीतरी होताच. किराणा दुकानदार पंच सही करता करता खाकरला. "सायेब, एक इचारू? हिंगात ववा कशाला घातला असंल?"

"ओवा?"

"त्या दिवशी पुरचुंडी काढली तवा मला वास आला. हिंग, ववा अन् वाईच सैंधव. रोज हेच इकतो की मी. नाक फसत न्हाय."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुमी इचारलंच न्हाय. तुमी म्हनला, हितं सही करा."

शंभर टक्के खरं होतं. पंचानं सांगावं असं वाटत असेल तर त्याला विचारायला लागतं. ठाण्यातून मुद्देमाल मागवला, दोन्ही पंचांसमोर सील तोडलं, पुरचुंडी उघडली, पुन्हा नीट बांधून नवं सील मारलं आणि तसा कागद केला. ओव्याचे दाणे स्पष्ट दिसत होते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची चिंधी, वर दोन गाठी. झाडाचा जीव घ्यायला निघालेला माणूस ओवा निवडत बसत नाही. हे तर पोटदुखीचं औषध होतं.

मी तात्यांकडे बघितलं. चेहरा उतरला होता. त्यांनी मला बाजूला नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, आता खोलात जाऊ नका. हिंग मीच भरला असं लिवा."

"काल तर नाही म्हणालात."

"आज व्हय म्हणतो."

तेवढ्यावर मला सगळं कळलं नाही, पण चिंचेला औषध देणारं जुनं लुगडं कुणाच्या घरात असेल ते कळलं. फिर्यादीच्या घरी गेलो. पुरवणी जबाब घ्यायचाय म्हणालो. तात्यांनाही बरोबर घेतलं, ते फिर्यादीला आवडलं नाही. ते बाहेर ओट्याच्या पायरीवर बसले. फिर्यादीची आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, पंच्याहत्तरीची, वाकलेली. सून म्हणाली, झाड पडल्यापासून सासूबाईंनी धड घास खाल्ला नाही.

म्हातारीनं मला विचारलं, "बाबा, त्या तात्याला आत टाकणार व्हय?"

"काकी, तुमी आत जावा," तात्या पायरीवरून घाईनं म्हणाले.

"का जाऊ? माझ्या घरात मला आत धाडतोस?" म्हातारीनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्यासमोर बसली. "मीच मारली चिंच. मला न्या."

फिर्यादी उभाच राहिला. म्हातारी बोलत होती आणि लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत होती. "माझ्या पोरानं तात्याला हाकललं. मीच मागनं बोलावून घेतला, म्हनलं बघ तरी काय झालंय तिला. माझ्या सासऱ्यानं लावलेली, मी नवी नवरी आले तवापास्नं बघते. तात्यानं भोक पाडलं, भुसा हातावर घेऊन दावला. म्हनला, काकी, हिच्या पोटात काय ऱ्हायलं न्हाय. मला वाटलं, पोटाचं दुखणं हाय. आमी पोटाला काय देतो? हिंग अन् ववा. ठिवला बांधून. दर चार दिसांनी बदलत हुते. तर पडलीच की रं ती. अन् पोराचा हात मोडून पडली!"

"आये," फिर्यादी ओरडला, "हिंगानं झाड मरतंय!"

"मला काय ठावं? तू तान्हा हुतास तवा पोट दुखून रडून रडून निळा पडायचास. हिंगच चोळला बेंबीला. तू न्हाय मेलास!"

हवालदार तोंड फिरवून खोकले. मलाही हसू आवरेना. फिर्यादी चुना फासलेल्या भिंतीसारखा पांढराफटक पडला होता. त्याच्या आईला वाचवायला म्हणून ज्यानं दोन दिवस तोंड शिवून घेतलं, त्याच माणसाला तो ३०८ लावायला निघाला होता.

तात्या पायरीवरून उठले, आत आले आणि म्हातारीसमोर जमिनीवर बसले. "काकी, ऐका माझं. ती चार-पाच वर्सांपास्नं खालनं कुजत आली हुती. साहेबांनी मोजलंय, इचारा त्यांस्नी. तुमच्या हिंगानं तिचं पानबी हललं न्हाय. समद्या गावानं तिच्या चिंचा खाल्ल्या, सावलीला गाड्या लावल्या. दगडं मारली, खिळं ठोकलं. तिला औषध म्हणून कुणी काय दिलं न्हवतं. तुमी दिलंत. तुमी एकट्यांनी."

म्हातारी हमसून हमसून रडली. तिच्या डोक्यावरचा डोंगर उतरत होता ते दिसत होतं. सुनेनं तिच्या पाठीवर हात फिरवला. फिर्यादी खाटेपाशी गेला. मग एका हातानंच त्यानं खाटेवरचं घोंगडं झटकलं, नीट पसरलं आणि म्हणाला, "तात्या, खाली नका बसू. वर बसा. च्या टाक गं."

त्या घरात तात्या ओसरीच्या आत खाटेवर बसलेले गावानं आधी कधी बघितले नसावेत. तसं कुणी म्हणालं नाही. मी ते बघितलं आणि मनात नोंदवून ठेवलं. चहा सगळ्यांना एकसारख्या कपात आला.

पंधरा दिवसांनी तज्ज्ञांचं पत्र आलं. जाणता माणूस होता, छातीठोक काही लिहीत नव्हता. थरांवरून नेमकं वय काढता येत नाही, पण ही बुरशी मुळं आणि बुंधा कुजवणारी आहे, एवढी वाढ व्हायला काही वर्षं लागतात, तीन आठवड्यांत ती होणं शक्य नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. गँगच्या मुकादमानं डोळ्यांनी जे बघितलं तेच त्यांनी भिंगातून बघितलं होतं. खाली एक ओळ जास्तीची होती, 'ज्यांनी हे ओळखले त्यांना एकदा भेटायला आवडेल.' ते भेटलेही. पुढे त्यांचे विद्यार्थी तात्यांच्या मागे वही घेऊन फिरताना मी बघितले आहेत.

न्यायालयात 'क' समरीचा अहवाल पाठवला. 'ब' समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, मग फिर्यादीच अडचणीत येतो. 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली. हे प्रकरण तर गैरसमजांचंच होतं. इशाऱ्याला धमकी समजले, मोरचुदाला विष समजले आणि औषधालाही विषच समजले. यात सगळ्यात मोठा गैरसमज माझा होता. बाकीच्यांना निदान तपास करायचा पगार नव्हता.

मुद्देमाल परत करायचा हुकूम आला तेव्हा तात्यांनी गिरमीट, करवत आणि डबा घेतला. कानाचा तुकडा माझ्याकडे सरकवला. "तुमीच ठिवा. पुन्ना कुणाला धराया निघाला तर बघा एकदा त्याच्याकडं." तो आजही बारामतीच्या माझ्या घरात टेबलावर आहे. हवालदारांच्या अक्षरातली चिठ्ठी पिवळी पडली, पण वाचता येते.

त्यानंतर महिनाभरातच फिर्यादी मोटारसायकलच्या मागे बसून तात्यांच्या दारात गेला, हात अजून गळ्यातच होता. विहिरीवरच्या आंब्याला काहीतरी आलंय, बघायला या म्हणाला. साऱ्या गावादेखत 'तात्या, चला' म्हणाला. चिंचेच्या जागी नवी चिंच लावली ती म्हातारीच्या हातानं, तात्यांनी खड्डा सांगितला तिथे, जुन्या मुळांपासून लांब.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? पोलिसाला एक खोड असते. जो सगळ्यात आधी सांगतो त्यालाच आपण सगळ्यात आधी धरतो. तुला कसं कळलं, म्हणजे तूच केलं असशील. त्यामुळे ज्याला दिसतं तो पुढच्या वेळी गप्प बसतो आणि मग झाडं खरंच माणसांवर पडतात. आग लागेल म्हणणारा, भिंत कोसळेल म्हणणारा, हा पोरगा वाईट संगतीला लागलाय म्हणणारा, असे कितीतरी जण पुढे माझ्यासमोर आले. त्यांना मी रूळ आपटून विचारलं नाही. खुर्ची दिली आणि विचारलं. त्यातले बरेचजण बरोबर निघाले. काही चुकले, तरी त्यात माझं फारसं काही गेलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या शाळेवरून जाणं झालं. चिंच उभी होती, कापलेल्या जागची साल चारी बाजूंनी वाढून जखम मिटत आली होती. सावलीत पोरं डबे खात होती. तात्या तिथेच पारावर सापडले, ऐंशीच्या घरातले, डोळे मंद झालेले. काठीनं बुंधा ठोकून मला म्हणाले, "काय ऐकू येतंय?"

"टणक आहे."

"शिकला म्हणायचं."

मी शेजारी बसलो. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच विचारावंसं वाटलं. "तात्या, खरं सांगा. ती चिंच पडणार, हे तुम्हाला कसं कळलं होतं?"

म्हातारा खदखदून हसला. "दिसत हुतं, साहेब. तवाबी हेच सांगितलं हुतं की."